रानभाज्यांविषयीचे मराठी लेखन : ओळख, आठवण आणि शिक्षण
(कोल्हापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश :
गेल्या काही वर्षांत मराठीत रानभाज्यांविषयी विपुल लेखन होत आहे. बदलत्या हवामानात रानातील अन्न हा माणसाचा आधार ठरेल, असा या लेखनाचा एकूण सूर आहे. प्रस्तुत लेखात या लेखनाची चिकित्सा केली आहे. वनस्पतींची यादी देणारे लेखन आणि भुकेची आठवण सांगणारे ललित लेखन हे दोन प्रवाह एकमेकांपासून दूर राहिले असून, रानातील अन्न मिळविण्याचे, पारखण्याचे व खाण्याजोगे करण्याचे शिक्षण या दोहोंच्या मध्ये हरवले आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील पर्जन्यमानाची विषमता, महापूर, ऊसशेती आणि वनहक्क यांच्या संदर्भात या उणिवेचा विचार केला आहे.

बीजशब्द : रानभाज्या, दुष्काळी अन्न, हवामानबदल, लोकज्ञान, मराठी ललित गद्य, कोल्हापूर.

१. प्रस्तावना :
मृगाच्या सरी पडून गेल्या की कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील माळ, बांध आणि डोंगरउतार हिरवे होऊ लागतात. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, पाथरी, घोळ, आंबुशी अशा भाज्या एकामागून एक येतात. आषाढात वाघाटी व करटोली दिसू लागतात. या भाज्या विकत आणण्याच्या नव्हत्या, खुडून आणण्याच्या होत्या. मराठी माणसाच्या व्रतवैकल्यांतही त्यांना स्थान आहे. आषाढी एकादशीचे पारणे फेडताना द्वादशीस वाघाटीची भाजी करण्याची प्रथा अनेक घरांत आहे. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाने पिकलेले अन्न वर्ज्य मानले जाते. नांगरटीशिवाय उगवणाऱ्या अन्नाची आठवण वर्षातून एकदा तरी ठेवण्याची ही सोय होती, असे म्हणता येईल.

आज या भाज्यांकडे नव्या दृष्टीने पाहिले जाते. २०२० पासून राज्याच्या कृषी विभागाने ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या निमित्ताने रानभाजी महोत्सव भरविण्यास प्रारंभ केला. कोल्हापुरातही पर्यावरणप्रेमींनी रानभाज्यांची प्रदर्शने भरविली आहेत. पावसाळ्यात वृत्तपत्रांतून सदरे येतात, पुस्तिका निघतात, पाककृतींच्या स्पर्धा होतात. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु या लेखनातून वाचक नेमके काय शिकतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. एखादी वनस्पती ओळखणे आणि तिच्या आधाराने चार दिवस काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीतील बहुतेक रानभाजी-लेखन पहिली गोष्ट सांगते आणि दुसरीचे आश्वासन देते.

२. यादीची परंपरा :
मुंबई इलाख्यातील रानअन्नाची पद्धतशीर नोंद दुष्काळाच्या निमित्ताने झाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांनंतर, १९०२ मध्ये, जी. ए. गॅमी यांनी दुष्काळात व टंचाईच्या काळात मुंबई इलाख्यात खाल्ल्या गेलेल्या वनस्पतींविषयीचे टिपण भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या अभिलेखात प्रसिद्ध केले. उपासमारीत लोकांनी कशाकशावर पोट भरले, याची ती शास्त्रीय नोंद होती. त्याच सुमारास थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ सिद्ध होत होता. याच परंपरेत पुढे शिवाजी विद्यापीठाने २००२ मध्ये एस. आर. यादव व एम. एम. सरदेसाई यांचा ‘फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जिल्ह्यातील सपुष्प वनस्पतींच्या अभ्यासास त्याने भक्कम आधार दिला.

या ग्रंथांचे मोल वादातीत आहे. यादीवाचून ओळख नाही आणि अचूक ओळखीवाचून रानातले काही खाणे धोक्याचे आहे. मात्र हे ज्ञान इंग्रजीत आणि शास्त्रीय परिभाषेत आहे. ज्यांच्याकडून ते गोळा झाले त्यांच्या बोलीत ते परत गेलेले नाही. मराठी पुस्तिकांनी ही दरी भरून काढणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात त्यांनी यादीचा साचा उचलला, काटेकोरपणा मात्र मागे ठेवला. छायाचित्र, स्थानिक नाव, ‘औषधी गुणधर्म’ आणि एक पाककृती असा त्यांचा ठरीव आकृतिबंध आहे.

या आकृतिबंधात तीन दोष संभवतात. पहिला दोष नावांचा. ‘अळू’ हे नाव पानांच्या भाजीचे आहे, तसेच पश्चिम घाटातील एका रानफळाचेही आहे. टाकळ्यास कोठे तरोटा म्हणतात, फोडशीस कोठे कुलूची भाजी म्हणतात. नावाबरोबर गाव न सांगणारी पुस्तिका वाचकास चकविते.

दुसरा दोष साम्याचा. फोडशीची पाती लांबट असतात, तशी विषारी कोलकांद्याचीही असतात. कळलावीचा कंद खाण्याच्या कंदासारखा वाटला, तरी त्यातील कोल्चिसीन प्राणघातक ठरू शकते. खाद्य वनस्पतीच्या शेजारी तिच्यासारखी दिसणारी विषारी वनस्पती दाखविल्याशिवाय ओळख पुरी होत नाही.

तिसरा दोष अधिक मूलभूत आहे. रानातील पुष्कळ अन्न प्रक्रियेनंतरच अन्न होते. अळूवर्गीय पानांतील व कंदांतील कॅल्शियम ऑक्झलेटमुळे घसा खाजतो, म्हणून त्यांना चिंच, आमसूल यांची जोड दिली जाते. कोकणात शेवळांच्या भाजीत काकडाची फळे घालतात, तीही याच कारणाने. कडू करांदा उकडून, पाणी बदलून खावा लागतो. म्हणजे पाककृती हा येथे चवीचा नव्हे, तर सुरक्षिततेचा भाग आहे. पुस्तिकेत मात्र ‘चवीनुसार मीठ’ आणि ‘आमसूल आवडीप्रमाणे’ या सूचना एकाच पातळीवर येतात. आमसूल ऐच्छिक नाही, हे सांगणारी आजी पुस्तिकेत नसते.

३. आठवणीचे वाङ्मय :
मराठी ललित लेखनात रान आणि भूक यांचे चित्रण विपुल आहे. त्याची मांडणी दोन टोकांवर झालेली दिसते.

एका टोकास दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) आहे. चैत्रापासूनच्या बारा महिन्यांतील निसर्गाचे हे दर्शन मराठी ललित गद्याचा मानदंड मानले जाते. कोणते झाड केव्हा पालवते, केव्हा फुलते याचे सूक्ष्म निरीक्षण या लेखनात आहे. या निरीक्षणाचा प्रधान हेतू सौंदर्याचा असला, तरी रानअन्न शिकणाऱ्यास हीच दृष्टी लागते. येथे दुर्गाबाईंच्या चरित्रातील एक प्रसंग अर्थपूर्ण ठरतो. मध्य भारतातील आदिवासी भागात संशोधनासाठी फिरत असताना विषारी सुरण खाण्यात आल्याने त्यांना दीर्घ काळ अंथरुणास खिळून राहावे लागले होते. निसर्गाची इतकी जाण असलेल्या व्यक्तीलाही रानातील एक कंद असा बाधू शकतो. पाहण्याचे ज्ञान आणि खाण्याचे ज्ञान यांतील अंतर यावरून स्पष्ट व्हावे.

दुसऱ्या टोकास भुकेचे वाङ्मय आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि कागलच्या मातीतून आलेले आनंद यादव यांचे ‘झोंबी’ (१९८७) या आत्मकथनांत अन्न हा रुचीचा विषय नाही, तो दिवस निभावण्याचा विषय आहे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची मांडणी करताना पाककृती आणि सामाजिक इतिहास एकत्र आणला. कोणते अन्न कोणाच्या ताटात आले आणि का आले, हा प्रश्न त्यांनी पाककृतीपासून वेगळा होऊ दिला नाही. रानभाजी महोत्सवाच्या पत्रकांत नेमका हाच प्रश्न गाळला जातो. जी भाजी खाण्याची एके काळी लाज वाटे, ती आज ‘सुपरफूड’ म्हणून मिरविली जाते. या प्रवासात तिच्याशी जोडलेला गरिबीचा इतिहास पुसला जातो आणि ज्ञान बाळगणारी बाई केवळ विक्रेती म्हणून उरते.

तथापि भुकेच्या वाङ्मयाचीही एक मर्यादा आहे. ते अभाव उत्कटतेने सांगते, पण अभावातील कौशल्य त्यात अनुषंगानेच येते. कोणता पाला कोठून आणला, किती वेळा उकळला, कोणता टाकून दिला, याचे तपशील वेदनेच्या कथनात मागे पडतात. आत्मकथनाकडून अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल, हे मान्य करावे लागते. परंतु त्यामुळे यादीत माणूस नाही आणि आठवणीत पद्धत नाही, अशी स्थिती निर्माण झाली आहे.

या संदर्भात युएल गिबन्स यांचे ‘स्टॉकिंग द वाइल्ड ॲस्परॅगस’ (१९६२) हे अमेरिकन पुस्तक तुलनेसाठी उपयुक्त आहे. गिबन्स यांनी लहानपणी न्यू मेक्सिकोत टंचाईच्या दिवसांत रानातील अन्नावर कुटुंबाचा भार हलका केला होता. त्यांच्या पुस्तकात एकेका वनस्पतीस स्वतंत्र प्रकरण दिलेले असून स्थळ, हंगाम, कृती आणि अनुभव हे सारे एका निवेदनात गुंफलेले आहे. मराठीत या घाटाचे लेखन फारसे रुजले नाही.

४. ‘रानावर जगणे’ या कल्पनेची चिकित्सा :
रानभाजी-लेखनातील सर्वांत मोठे अतिशयोक्त विधान म्हणजे रान माणसास पोसते, हे होय. साध्या हिशेबाने त्याची तपासणी करता येते. बहुतेक पालेभाज्यांपासून १०० ग्रॅममागे साधारण २० ते ५० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. धान्यापासून ती सुमारे ३५० किलोकॅलरी मिळते. दिवसाची २००० किलोकॅलरींची गरज केवळ पाल्यावर भागवावयाची झाल्यास रोज सुमारे ५ किलो पाला लागेल. तो खुडणेही अशक्य आणि पचविणेही अशक्य. पालेभाज्यांतून लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे मिळतात. ताटाला त्यांची गरज आहे, पण त्या ताटाची जागा घेऊ शकत नाहीत.

ऊर्जा देणारे रानअन्न म्हणजे कंद, बिया आणि फळे. त्यांचा इतिहास पाहिला तर त्याची मर्यादाही कळते. १८६४ मध्ये उत्तर कानडातील सुपे येथील जंगलात वेळूस फुलोरा आला, तेव्हा धारवाड व बेळगाव जिल्ह्यांतून सुमारे ५०,००० लोक त्याचे बी गोळा करण्यास गेले, अशी नोंद वसाहतकालीन वनस्पतिविषयक ग्रंथांत आहे. कोल्हापूरच्या सीमेलगतची ही घटना आहे. परंतु वेळूचा फुलोरा कित्येक वर्षांतून एकदा येतो आणि त्यानंतर बेट मरून जाते. पश्चिम घाटातील कंदीलपुष्पवर्गातील खर्चुडीचे कंद गुराखी आवडीने खात आले आहेत. यांतील काही जाती आज इतक्या दुर्मीळ आहेत की कंद उपटून खाणे म्हणजे जातच संपविणे होय. शिवाजी विद्यापीठात या वनस्पतींच्या संवर्धनाचे काम झाले आहे. ‘रानातून जगायला शिका’ असा उपदेश करणाऱ्या लेखकाने काय उपटू नये, हेही सांगणे आवश्यक आहे.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीचा शेवट येथे आठवतो. माणदेशातील धनगरांची ही वस्ती रानाची जाणकार आहे, तरीही दुष्काळ पडल्यावर ती रानावर जगत नाही, वाडी सोडून जाते. कोल्हापूरच्या पूर्वेकडील या कोरड्या प्रदेशाचे हे वास्तव आहे. रानअन्न हे मागील धान्य संपून नवे येईपर्यंतच्या आषाढ-श्रावणातील ओढगस्तीचा पूल होते. त्यास कायमचे घर समजणे ही शहरी वाचकाची कल्पना आहे.

५. बदलते हवामान आणि मोडलेले वेळापत्रक :
रानअन्नाचे पारंपरिक ज्ञान नक्षत्रांवर बांधलेले होते. मृगात काय, आर्द्रात काय, पुष्यात काय, हे ठरलेले असे. टाकळा कोवळा असतो तो थोडेच दिवस, मग तो निबर व उग्र होतो. फोडशीचेही तसेच. पाऊस वेळेवर येतो, या गृहीतावर हे वेळापत्रक उभे होते.

हे गृहीत आता डळमळीत झाले आहे. भारताच्या हवामानबदलाविषयी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात देशातील मोसमी पावसात सुमारे ६ टक्के घट झाली आणि ही घट ज्या भागांत ठळक आहे त्यांत पश्चिम घाटाचा समावेश आहे. दुसरीकडे अतिवृष्टीच्या घटना वाढत आहेत. २०२३ चा ऑगस्ट हा देशपातळीवर १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. अशा वर्षी ‘मृगानंतर टाकळा खुडावा’ ही सूचना उपयोगी पडत नाही. पंधरा दिवस आधी उगवलेला टाकळा मृगापर्यंत निबर झालेला असतो, आणि मध्येच उघडीप पडली तर कोवळे रोप करपून गेलेले असते. तिथी सांगणारे ज्ञान येथे अपुरे पडते. रोपाला किती पाने फुटली, देठ मोडताना कडकन मोडतो की वाकतो, हे पाहणारे ज्ञान टिकते. परंपरेत दोन्ही होते. लेखनात मात्र पहिलेच उतरले.

कोल्हापूरची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. पश्चिमेस गगनबावड्यास वर्षाकाठी ५००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पूर्वेस शिरोळकडे तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. एकाच जिल्ह्यासाठी काढलेली एकच पुस्तिका दोन्ही तालुक्यांस लागू पडणे शक्य नाही. शिवाय मराठीतील रानअन्नाची स्मृती मुख्यतः दुष्काळाची आहे, तर कोल्हापूरवरील अलीकडची संकटे पाण्याची आहेत. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी पंचगंगेच्या महापुराने नदीकाठची गावे वेढली. दुष्काळात निदान ओढ्याकाठचा पाला उरतो. महापुरात बांध, परडे आणि मळी पाण्याखाली जातात आणि पाणी ओसरल्यावर उरतो तो गाळ. पुराच्या पाण्यातून वर आलेला घोळ वा तांदूळजा खाण्यास कितपत सुरक्षित आहे, या साध्या प्रश्नाकडेही रानभाज्यांवरील लोकप्रिय लेखन वळत नाही. दुष्काळाचे ज्ञान महापुरास जसेच्या तसे लावता येत नाही, याची जाणीव या लेखनास झालेली नाही.

६. शेत, रान आणि हक्क :
‘रानभाजी’ या शब्दामुळे ती जंगलात मिळते असा समज होतो. वास्तविक तांदूळजा, घोळ, पाथरी, कुर्डू, केना, चाकवत या भाज्या शेतातल्या व बांधावरच्या आहेत. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती तणे आहेत. ऊसशेतीत रुंद पानांच्या तणांवर टू-फोर-डीसारखी तणनाशके फवारली जातात. परिणामी कृषिविस्ताराच्या साहित्यात एकच वनस्पती एका पानावर ‘पोषक रानभाजी’ आणि दुसऱ्या पानावर ‘द्विदल तण’ म्हणून येते. या दोन पानांचा परस्परांशी संवाद नाही. भांगलणीस जाणारी स्त्री तण उपटता उपटता ओट्यात संध्याकाळची भाजी घेऊन येत असे. भांगलणीची जागा फवाऱ्याने घेतली, तेव्हा तिची मजुरी गेली, भाजी गेली आणि मुलीस शेतात दाखवून शिकविण्याची संधीही गेली. फवारणी झालेल्या बांधावरची भाजी खुडू नये, ही सूचना प्रत्येक पुस्तिकेच्या पहिल्या पानावर असणे आवश्यक आहे.

जंगलाच्या बाबतीत प्रश्न हक्काचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क मान्य केला. परंतु अनुसूचित जमातींत न मोडणाऱ्या वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. कोल्हापूरच्या डोंगराळ तालुक्यांतील धनगरवाड्यांना ही अट लागू पडते, कारण महाराष्ट्रात धनगर समाजाची गणना भटक्या जमातींत होते. रानभाजी महोत्सव आदिवासी दिनाशी जोडला गेला, पण या जिल्ह्यातील रानाचे बरेचसे ज्ञान ज्यांच्याकडे आहे, त्यांची त्या दिवशी आठवण होतेच असे नाही. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ या कादंबरीस २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विस्थापनामुळे माणूस, जनावर आणि रान यांचे नाते कसे तुटते, हा तिचा विषय आहे. ज्या रानात जाण्याची वाट बंद झाली, त्या रानाचे ज्ञान एका पिढीत आठवण होते आणि दुसऱ्या पिढीत पुस्तिका होते. या प्रक्रियेचे भान रानभाज्यांवरील माहितीपर लेखनापेक्षा या कादंबरीत अधिक आहे.

७. निष्कर्ष :
१) मराठीतील रानभाजी-लेखनाने ओळखीचे काम केले आहे, शिक्षणाचे नाही. विषारी साम्य, प्रक्रिया आणि खुडण्याची नेमकी अवस्था यांस त्यात दुय्यम स्थान मिळाले आहे.
२) रानअन्न ताटास पूरक आहे, पर्यायी नाही. ते पर्यायी असल्याचे चित्र पोषणाच्या हिशेबात, इतिहासात आणि साहित्यातही टिकत नाही.
३) हवामानबदलामुळे तिथीवर आधारलेले ज्ञान दुबळे होत आहे. वनस्पतीच्या अवस्थेवर आधारलेले निरीक्षण शिकविणे आवश्यक आहे.
४) कोल्हापुरात महापुरानंतरच्या अन्नाचा स्वतंत्र विचार होणे गरजेचे आहे.
५) तणनाशके व वनहक्क हे विषय वगळून रानभाजीचा प्रचार करणे म्हणजे जमीन वगळून पीक सांगणे होय.

हे काम महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. पश्चिमेकडील आणि पूर्वेकडील तालुक्यांतील वनस्पतिशास्त्र विभागांनी ठरावीक वीस वनस्पतींचे उगवणे, कोवळेपण, निबरपण आणि फुलोरा यांची दरवर्षी तारीखवार नोंद ठेवावी. मराठी विभागांनी जाणत्या स्त्रियांचे कथन त्यांच्याच बोलीत, पद्धतीच्या तपशिलांसह टिपावे. रसायनशास्त्र विभागांनी पूरग्रस्त मळीतील पाल्याची तपासणी करावी. या तिन्ही नोंदी एकत्र आल्या तर यादीला माणूस मिळेल आणि आठवणीला पद्धत मिळेल. मात्र त्यास फार अवधी नाही. कोणत्या करांद्याचे पाणी किती वेळा बदलायचे, हे हाताने जाणणाऱ्या पिढीचे वय आता सत्तरीच्या पुढे गेले आहे.